'वडील' या शब्दात वड नाही

'वडील' या शब्दाचा मूळ अर्थ एका लेखात 'थोरला' असा दिला होता. त्यावर तुमचं म्हणणं असं: वडासारखी सावली देतो तो वडील, 'थोरला' हा अर्थ कोरडा आहे, त्यात शब्दातली माया हरवते. कल्पना सुंदर आहे, पण शब्द तिथून आलेला नाही.

आधी वापर बघा. वडील भाऊ, वडील बहीण, वडीलधारी मंडळी. इथे बाप कुठेच नाही, वय आहे. शिवाय थोरला भाऊ, थोरली बहीण असं रूप बदलतं, 'वडील' मात्र दोन्हीकडे तसंच राहतं. अशीच न बदलणारी विशेषणं म्हणजे वरील, खालील, मागील, पुढील. हा '-ईल' प्राकृतातल्या (मराठीच्या आधीच्या भाषेतल्या) '-इल्ल' प्रत्ययातून आला. १२व्या शतकातल्या हेमचंद्र या जैन पंडिताच्या व्याकरणात 'उवरिल्ल' आहे, तेच आपलं 'वरील'.

राहिला 'वड'. तो प्राकृत 'वड्ड', म्हणजे मोठा. हिंदीत त्याचं 'बडा' झालं, पंजाबीत 'वड्डा' तसाच राहिला. आपल्याकडे जोडाक्षर सुटलं की आधीचा स्वर लांबतो: सत्तचं सात, अट्ठचं आठ. मग 'वाडील' का नाही? कारण शब्द लांब असला की तो स्वर पुन्हा आखडतो, म्हणून सतरा आणि अठरा. वड्डिल्लचं वडील तसंच.

नुसत्या उच्चारावर गेलं तर तुमचा वडही (मूळ 'वट') बसेल, हे मान्य. पण झाडाच्या नावाला '-इल्ल' लावला तर अर्थ 'वडाचा, वडाजवळचा' असा होईल, 'वडासारखा' नव्हे. आणि वडील बहिणीचं काय करायचं? 'वृद्ध'वरूनही तो साधत नाही. त्या घराण्यातला ढ मराठीत टिकला आहे: वाढ, वाढणे.

माया हरवते, हे मात्र मला पटत नाही. 'माझे वडील आले' हे अनेकवचन बघा. 'माझा वडील आला' कुणी म्हणत नाही. समोरासमोर 'अहो वडील' अशी हाकही मारत नाही. तिथे बाबा, अण्णा, दादा येतात. माघारी बापाचा उल्लेख करताना 'घरातले थोर' म्हणायचं, या आदरातून विशेषणाचं नाम झालं. जुना अर्थ अजून जिवंत आहे: वडिलोपार्जित जमीन म्हणताना आपण एकट्या बापाची नव्हे, आजा-पणज्यापासून चालत आलेली जमीन म्हणतो.