"अरे बघताय काय, काहीतरी करा!"

ट्रेकमध्ये कुणी पडलं की दहा सेकंदांत हा आवाज येतोच येतो. मग चार जण मिळून त्याला काखेत हात घालून उभं करतात, पाचवा पाणी पाजतो, सहावा मुरगळलेला पाय चोळत बसतो. मी पण त्यातलीच होते बरं का, म्हणजे सहावी. वाइल्डरनेस फर्स्ट एडचा, म्हणजे दवाखान्यापासून लांब डोंगरात-जंगलात करायच्या प्रथमोपचारांचा कोर्स करेपर्यंत मला मदत म्हणजे हेच वाटायचं.

कोर्स साधारण दोन दिवसांचा, १६ तासांचा असतो. मी गेले होते पट्ट्या बांधायला शिकायला आणि पहिल्याच सरावात मेले. एक जण उतारावर खोटा खोटा जखमी होऊन पडलेला, मी धावत सुटले, तर सर म्हणाले, वरून अजून दगड येतायत, तुम्ही वर बघितलंच नाही, आता दोन पेशंट झाले, झोपा त्याच्या शेजारी. पुढची वीस मिनिटं मी जमिनीवर. आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त मी तिथेच शिकले, कारण जमीन गार होती आणि ग्रुपने माझ्या अंगावर तीन जॅकेटं टाकली तरी मी कुडकुडतच होते, अंगाखाली काहीतरी घालायचं एकालाही सुचलं नाही. अंगातली ऊब जमीन ओढून घेते. मॅट, रिकामी सॅक, दोराचं वेटोळं, काहीही चालतं, पण ते खाली पाहिजे.

शहरातल्या फर्स्ट एडमध्ये अँब्युलन्स येईपर्यंतची मिनिटं निभवायची असतात. इथे मुळात धरूनच चालायचं की मदत तासाभराहून लांब आहे, कधी कधी तर अख्खी रात्र. एवढा वेळ हातात असला की माणसाच्या हातून जे होतं ना, त्याचीच मला आता धास्ती वाटते. साप चावला की वर करकचून बांधणारे, ब्लेडने चिरणारे, चोखून थुंकणारे अजून भेटतात, आणि ते वाईट नसतात हो, त्यांना बिचाऱ्यांना नुसतं बसवत नाही. पण करायचं असतं ते इतकं साधं की कुणाचं समाधानच होत नाही: सापापासून लांब न्या, अंगठी घड्याळ काढा कारण सूज येणार, हात किंवा पाय आधार देऊन हलू देऊ नका, आणि अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध मिळेल अशा दवाखान्यात पोचवायची सोय लावा. टूर्निकेट, म्हणजे हातापायाला करकचून आवळायचा पट्टा, ही चीज जोरात वाहणाऱ्या रक्तासाठी आहे, तीही दाबून धरून थांबत नसेल तर, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची.

पाण्याचंही तेच. चक्कर आली, डोकं दुखतंय, मळमळतंय की लगेच पाणी पाज. पण दिवसभर ढसाढसा पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरलं असेल तरी अगदी असंच होतं, मग वर अजून पाणी म्हणजे आगीत तेल. आधी विचारा ना, किती प्यायलास, काही खाल्लंस का, लघवीला कधी गेलास. लाजायचं काय त्यात!

आता एक ठिकाण असं आहे की तिथे थांबून चालत नाही आणि आपण नेमके तिथेच थांबतो. उन्हात चालणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजतंय, तर तो उष्माघात समजायचा, आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. त्याला उचलून खाली न्यायची घाई नको, आधी जागेवर गार करा, पाण्यात बसवता आलं तर उत्तम, नाहीतर कपडे भिजवून वारा घाला. गार आधी, हलवणं नंतर.

आणि या सगळ्यात भारी हत्यार कुठलं तर पेन्सिल. हसू नका. दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास, शुद्ध किती आहे ते वेळेसकट लिहायचं, तब्येत डळमळीत असेल तर पाच मिनिटांनी. नाडी ११० हा नुसता आकडा काही सांगत नाही, पण ९० ची ११० झाली आणि मग १३० झाली तर आतमध्ये काहीतरी बिघडतंय, वाट बघत बसू नका. शिवाय ज्याला काहीतरी करायचंच असतं त्याच्या हातात कागद दिला की तो पाय चोळत नाही 😄

दोन दिवसांत कुणी डॉक्टर होत नाही, आणि सराव नसेल तर काही महिन्यांत बरंचसं विसरायला होतं हे मी माझ्यावरूनच सांगते. जे लोकांना पैसे घेऊन नेतात त्यांनी तर ७०-८० तासांचा मोठा कोर्स केलेला असावा असं माझं स्पष्ट मत आहे, पुढच्या ट्रेकचे पैसे भरायच्या आधी विचारा बिनधास्त. सीलबंद किट दाखवून समाधान करतील, ऐकू नका. माझ्या ग्रुपमधल्या किटचं सील चार वर्षं तसंच होतं, उघडलं तर चिकटपट्टी चिकटतच नव्हती.

सर्टिफिकेट दोन-तीन वर्षंच चालतं, माझं संपत आलंय. परत जाणार आहे, पण या वेळी नवऱ्याला आणि अजून तिघांना ओढून नेतेय, कारण आत्ता आमच्यात कोर्स केलेली मी एकटीच, आणि सगळ्यात जास्त धडपडते पण मीच.