वायरिंग नवे करताना प्रदूषण नियंत्रणाचे भाग काढून टाकावेत का?

जळगाव-धुळ्याकडे जुन्या जीप, जिप्सी आणि मारुती ८०० बाळगणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. गाडीचे वायरिंग मुळापासून नवे करायला घेतलेच आहे, तर प्रदूषण नियंत्रणाचे सगळे भागही त्याच वेळी काढून टाकावेत, असे त्यात सुचवले आहे. हे भाग केवळ कायद्यापुरते असतात, ताकद आणि ॲव्हरेज खातात, वायरिंग किचकट करतात, शिवाय जुन्या गाडीला पीयूसीची सक्तीच नसते, अशी कारणे त्यासाठी दिली आहेत. यातले एकही कारण जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

‘केवळ कायद्यापुरते’ हा मुद्दा आधी घेऊ. पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली उतरणारा वायू क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या कप्प्यातून) परत सिलिंडरकडे ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह हा काढायला सांगितलेल्या भागांपैकी पहिला घेऊ. पण दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या इंजिनावरही असा व्हॉल्व्ह होता, आणि त्या काळी गाड्यांच्या प्रदूषणावर कायदेशीर मर्यादा नव्हती. तो काढला की पाण्याची वाफ आणि आम्लयुक्त वायू ऑइलमध्येच राहतात, गाळ धरतो, आतला दाब वाढून ऑइल सीलमधून तेल झिरपू लागते, आणि मालक मात्र सीलच्या दर्जाला दोष देत बसतो. या व्हॉल्व्हला वायर लागत नाही, त्यामुळे वायरिंगच्या निमित्ताने तो काढण्याचे कारणच उरत नाही.

ताकदीचा मुद्दा अर्धवट माहितीवर उभा आहे. जळालेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा सिलिंडरात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह पूर्ण ॲक्सिलरेटरवर साधारणतः बंदच असतो, तेव्हा कन्नडचा घाट चढताना कमी पडणारी ताकद त्याच्या माथी मारता येत नाही. सायलेन्सरच्या वाटेवर धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून तुंबला असेल तर गाडी खरोखर मरगळते. अशा वेळी तो बदलावा. मात्र ईजीआरसारखा भाग काढून त्याची व्हॅक्यूम नळी (इंजिनाच्या ओढीला जोडलेली नळी) उघडी सोडली, तर बाहेरची हवा थेट आत शिरून मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि ताकद वाढण्याऐवजी घटते.

वायरिंग किचकट होते, हे सांगणाऱ्यांनी वायरी मोजून पाहाव्यात. कार्बोरेटरच्या गाडीत या भागांसाठी मोजक्याच वायरी लागतात, आणि त्यांतल्या एकीवरून नेहमी घोळ होतो. कार्बोरेटरवरचा छोटा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) पाहून अनेक जण त्याला प्रदूषणाचा भाग समजतात आणि त्याची वायर नव्या हार्नेसमधून, म्हणजे वायरींच्या जुडग्यातून, वगळतात. प्रत्यक्षात किल्ली चालू असताना १२ व्होल्ट मिळाले की तो आयडलिंगच्या (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालण्याच्या) पेट्रोलची वाट उघडतो आणि किल्ली बंद होताच ती मिटतो. त्याला करंट मिळाला नाही, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच गाडी बंद पडते. मग आयडलिंगचा स्क्रू वाढवून वेळ मारून नेली जाते आणि पेट्रोल विनाकारण जळते. काहींनी तर त्याची सुईच काढलेली असते. अशी तापलेली गाडी किल्ली काढल्यावरही खडखडत राहू शकते. एका फ्यूजमागची, इग्निशन स्विचवरून आलेली एकच वायर हे सगळे टाळते.

चारकोल कॅनिस्टरबाबत आपल्याकडच्यांनी तर अधिकच सावध राहावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. त्या उन्हात टाकीतून निघणारी पेट्रोलची वाफ हा कोळशाचा डबा धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना ती जाळायला पाठवतो. डबा काढून नळी बॉनेटखाली मोकळी सोडणे म्हणजे नव्याकोऱ्या वायरिंगच्या शेजारी पेट्रोलची वाफ सोडणे होय.

राहिला कायदा. केवळ जुनी म्हणून गाडीला पीयूसीतून सूट मिळत नाही. २०००पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. नीट ट्यून केलेली गाडी कन्व्हर्टरशिवायही त्यात बसू शकते, आणि ईजीआर काढल्याचे त्या यंत्राला कळतही नाही, हे मान्य. पण ते त्या चाचणीचे अपुरेपण आहे, भाग निरुपयोगी असल्याचा पुरावा नव्हे. गाडी ‘व्हिंटेज’ असल्याचे कारणही पुढे करता येत नाही: २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी ५० वर्षांहून जुन्या गाडीलाच मिळते आणि तीही मूळ स्वरूप राखले असेल तर. १९८३च्या अखेरीस आलेली मारुती ८०० अजून त्या वयाची झालेली नाही.

ज्या गाडीत कारखान्यातूनच पीसीव्हीपलीकडे काही बसवलेले नव्हते, तिच्यात नव्याने काही बसवण्याची गरज नाही. पण जिथे भाग आहेत, तिथे जुना हार्नेस कापण्यापूर्वी प्रत्येक नळीचा आणि कनेक्टरचा फोटो काढावा. मृत सोलेनॉइडसाठीही वायर ओढून तिचे टोक इन्सुलेशनने बंद करावे आणि त्यावर नावाची चिठ्ठी लावावी. सुटा भाग पुढे कधी सापडला, तर डॅशबोर्ड पुन्हा उघडावा लागणार नाही.