राजवाड्याचे मजले गेले कुठे?

तयार थीम उतरवून घेतली की संकेतस्थळ तासाभरात उभे राहते, हे ठाऊक असूनही जो माणूस पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतल्या कोऱ्या फाइलपुढे मांडी ठोकून बसतो, त्याच्या घरच्यांविषयी मला मनापासून सहानुभूती आहे. विशेषतः ते घर इंदूरला असेल आणि शीर्षभागी होळकरांच्या राजवाड्याचे छायाचित्र लावायचे ठरले असेल तर.

आपण सांगितलेला रंग पानाला का लागत नाही, याचे उत्तर मानपानात दडलेले असते. टॅगच्या, म्हणजे घटकाच्या प्रकाराच्या, नावाने दिलेल्या हुकमापेक्षा क्लास, म्हणजे गटाचे नाव, वरचढ; क्लासपेक्षा आयडी, म्हणजे एकट्या घटकाचे नाव, वरचढ; आणि हुकमापुढे लिहिलेले ‘इम्पॉर्टंट’ म्हणजे लग्नघरातली मोठी आत्या: ती बोलली की इतरांनी गप्प बसायचे. अशा दोन आत्या समोरासमोर आल्या, तर मात्र मानपानाची मोजदाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

सीएसएसचा प्रस्ताव १९९४ साली मांडला गेला, तेव्हा शिरोरेषेचा विचार कोणाच्या मनात आला असेल, असे वाटत नाही. शीर्षक ऐटदार दिसावे म्हणून लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जागा, वाढवली, तर ‘माळव्यातील मराठी’ची शिरोरेषा जागोजागी तुटली; ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडले. पानाची भाषा मराठी असल्याचे नोंदवल्यावर माझ्या टंकातले ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे झाले, हे सुख मी आईला कौतुकाने दाखवले. ‘‘आधीही ल-च होता ना रे?’’ एवढे विचारून ती पोह्यांकडे वळली.

खरी परीक्षा राजवाड्याने घेतली. ही वास्तू सात मजली: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि माझा शीर्षपट्टा आडवा, बुटका. चित्र चौकटीत कसे बसवायचे हे ठरवणाऱ्या ऑब्जेक्ट-फिटला ‘कव्हर’ सांगताच पट्टा काठोकाठ भरला, परंतु वास्तूचा केवळ मधला भाग उरला. छायाचित्र तळाशी टेकवले, तेव्हा बाबांनी चष्मा पुसून विचारले, ‘‘लाकडी मजले गेले कुठे?’’ वर सरकवले, तर म्हणाले, ‘‘दरवाजाच नाही, मग आत शिरायचं कुठून?’’ शेवटी ‘कंटेन’ लिहिले. सातही मजले सुखरूप आले आणि दोन्ही बाजूंना पांढरीफटक जागा उरली. तिच्याकडे बराच वेळ पाहून बाबा म्हणाले, ‘‘शेजारचा सराफा बाजार पाडला की काय?’’