आधी ब्रेक, मग मोटर: सिम रेसिंगच्या पहिल्या खरेदीविषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया अभ्यासपूर्ण आहे आणि तिच्यातील आक्षेप गंभीर आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून विषय संपवणे मला योग्य वाटले नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात देतो. पीसीवर सिम रेसिंग, म्हणजे खऱ्या गाडीसारखा अनुभव देणारे शर्यतीचे खेळ, सुरू करणाऱ्याने लॉजिटेक जी29 सारखे गिअरवर चालणारे व्हील (खेळासाठीचे स्टिअरिंग, ज्यात मोटरचा जोर दात्यांमार्फत हाताशी येतो), शक्यतो वापरलेले, घ्यावे आणि वाचलेली रक्कम ब्रेक पेडल व स्टँड यांवर खर्च करावी, असे मी लिहिले होते. आपल्या मते हा सल्ला कालबाह्य आहे. डायरेक्ट ड्राइव्ह व्हील, म्हणजे दात्यांशिवाय थेट मोटरला जोडलेले व्हील, आवाक्यात आले असताना नवख्याला जुन्या तंत्रज्ञानाकडे वळवणे म्हणजे त्याला चुकीच्या सवयी लावणे आणि दोनदा खर्चात पाडणे आहे, असे आपण म्हणता. शेवटी आपल्या भाच्यासाठी 45 हजार रुपयांत काय घ्यावे, असेही आपण विचारले आहे.

डायरेक्ट ड्राइव्हच्या गुणवत्तेबद्दल आपल्यात मतभेद नाही. जी29 हे 2015 सालचे व्हील आहे आणि त्याची ताकद, म्हणजे व्हील फिरवणारा मोटरचा जोर, सुमारे 2 न्यूटन-मीटर आहे. 2021 मध्ये आलेले फॅनाटेकचे सीएसएल डीडी मूळ स्वरूपातच 5 न्यूटन-मीटर देते, तर मोझाचे आर5 साडेपाच देते. ताकदीपेक्षाही महत्त्वाचा फरक तपशिलाचा आहे. गाडी वळणात असताना पुढचे टायर स्टिअरिंगला सरळ करू पाहतात, आणि टायरची पकड संपण्याच्या थोडे आधी हा जोर कमी होऊ लागतो. व्हील हातात हलके पडले, की पुढची चाके वळणाबाहेर सरकू लागणार हे चालकाला कळते. हा बदल फार सूक्ष्म असतो. गिअरच्या व्हीलमध्ये त्याचा काही भाग दात्यांच्या घर्षणात हरवतो, डायरेक्ट ड्राइव्हमध्ये तो सरळ हाताशी पोहोचतो. गाडीचा मागचा भाग घसरल्यावर व्हील उलट दिशेने झपाट्याने फिरण्याच्या बाबतीतही तसेच आहे. भाच्याला मुख्यतः ड्रिफ्टिंगच, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवत चालवणे, करायचे असेल, तर आपला सल्ला माझ्या सल्ल्यापेक्षा सरस ठरेल.

परंतु नवखा चालक वेळ कुठे गमावतो, हा प्रश्न आपल्या प्रतिक्रियेत आलेलाच नाही, आणि माझ्या सल्ल्याचा सगळा आधार त्याच प्रश्नावर आहे. असेटो कोर्साच्या मूळ खेळात असलेला मोंझाचा ट्रॅक घ्या. सुरुवातीच्या लांब सरळ रस्त्यानंतर पहिल्याच शिकेनसाठी, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट तीव्र वळणांसाठी, जोरदार ब्रेक लावावा लागतो. एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत तिथे ब्रेक एकदम जास्तीत जास्त जोराने, पण चाके लॉक होणार नाहीत इतकाच दाबायचा असतो, आणि गाडी वळू लागताच पाऊल हळूहळू उचलत न्यायचे असते. हे पाऊल उचलणे, ज्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, साधले नाही तर गाडी एक तर पुढून वळणाबाहेर जाते किंवा मागून फिरते. नवख्याचे मोठे नुकसान अशाच जागी होते, आणि तिथे चूक हाताची नसून पायाची असते.

आता स्वस्त पेडल काय मोजते ते पाहा. ते पेडल किती अंतर आत गेले हे मोजते. लोड सेल (दाब मोजणारा सेन्सर) असलेले पेडल किती जोर लावला हे मोजते. पायाला सेंटिमीटर लक्षात राहत नाहीत, जोर मात्र लक्षात राहतो, कारण स्नायूंना ताणाची आठवण ठेवता येते. म्हणूनच लोड सेलवर प्रत्येक फेरीत तोच ब्रेक पुन्हा तसाच लावणे लवकर जमते. जी29 च्या ब्रेकमध्ये रबरी ठोकळा घालून कंपनीने जोराचा आभास निर्माण करण्याचा प्रयत्न केला आहे. तो अगदीच वाईट नाही, पण आत मोजले जाते ते अंतरच. स्वस्त डायरेक्ट ड्राइव्ह संचांसोबत जी पेडले येतात, त्यांतील बहुतेक याच प्रकारची असतात, आणि जाहिरातीत मोटरचे न्यूटन-मीटर ठळक छापलेले असताना ही गोष्ट ग्राहकाच्या नजरेतून सुटते. चुकीच्या सवयींची काळजी आपण करता ती रास्त आहे. फक्त त्या सवयी हातापेक्षा पायाला अधिक लागतात, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा मुद्दा बैठकीचा. आपल्याकडे बहुतेक घरांत गुळगुळीत फरशी असते आणि संगणकाच्या टेबलापुढे चाकांची खुर्ची असते. जोरात ब्रेक लावला की खुर्ची मागे जाते, पेडल पुढे सरकते, आणि लावलेल्या जोराचा काही भाग या दोन हालचालींत वाया जातो. लोड सेलला अधिक जोर लागत असल्याने ही अडचण आणखी वाढते. म्हणून पेडलची पाटी भिंतीला टेकवणे, खुर्चीची चाके काढणे किंवा तिला पेडलशी पट्ट्याने बांधणे, आणि जमल्यास फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी लोखंडी नळीचा साधा स्टँड करून घेणे, हे मी उपकरणांच्या खरेदीइतकेच महत्त्वाचे मानतो. 5 न्यूटन-मीटरचे व्हील प्लायवूडच्या टेबलाच्या कडेला पकडीने लावले, तर टेबल हलते, त्यावरचा मॉनिटर हलतो, आणि ज्या तपशिलासाठी पैसे मोजले तो तपशील टेबलच खाऊन टाकते. म्हणूनच स्टँडशिवाय डायरेक्ट ड्राइव्ह घेण्याची शिफारस मी कोणालाच करत नाही.

दोनदा खर्चाचा आपला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कन्सोलच्या बाबतीत तो मोठ्या प्रमाणात खरा आहे. तिथे पेडल सहसा व्हीलच्या बेसमधूनच (मोटर असलेल्या भागातूनच) जोडावे लागते, म्हणून बेस बदलला की बाकीचेही बदलण्याची वेळ येते. पीसीवर तसे बंधन नाही. व्हील एका कंपनीचे, पेडल दुसऱ्या कंपनीचे आणि शिफ्टर (गिअर बदलण्याचा दांडा) तिसऱ्या कंपनीचा, प्रत्येक स्वतंत्र यूएसबीने जोडून एकाच खेळात वापरता येतो. आज घेतलेले लोड सेल पेडल आणि भक्कम स्टँड उद्या येणाऱ्या कोणत्याही डायरेक्ट ड्राइव्हसोबत तसेच राहतात. बदलायचे ते फक्त जुने व्हील, आणि जी29 ला पुन्हा विकताना ग्राहक मिळणे कठीण नसते. उलट क्रमाने गेल्यास हलक्या पेडलांचा एक संच घरात पडून राहतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

गिअरच्या व्हीलबद्दलच्या तक्रारींतील काही भाग सेटिंगमुळे दूर होतो, हेही नमूद करतो. फोर्स फीडबॅकचा, म्हणजे मोटर व्हीलमधून हाताला देत असलेल्या जोराचा, गेन (तीव्रतेचे सेटिंग) फार वाढवला, तर व्हीलच्या कमाल ताकदीपलीकडचे सगळे जोर सारखेच जाणवतात. याला क्लिपिंग म्हणतात. असेटो कोर्सामध्ये पेडलचे आलेख दाखवणारे छोटे ॲप आहे, त्यातील फोर्स फीडबॅकची पट्टी वारंवार लाल होत असेल तर गेन कमी करावा. याउलट मध्यभागी व्हील मृतवत वाटत असेल, तर किमान जोराचे सेटिंग थोडे वाढवावे. कमकुवत व्हीलवर गेन वाढवल्याने ताकद वाढत नाही, माहिती मात्र कमी होते.

पडद्याविषयी थोडेच सांगतो, कारण इथे खर्च काहीच नाही. 27 इंची मॉनिटर डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर असेल, तर खेळात ठेवायचा उभा दृष्टिकोन (दृश्य वरपासून खालपर्यंत किती अंशांत दिसते तो कोन) सुमारे 31 अंश येतो. सुरुवातीला तो फार अरुंद वाटतो, पण वळण किती दूर आहे याचा अंदाज त्यामुळेच खरा येतो, आणि ब्रेकची जागा ठरवणे सोपे जाते. मॉनिटर शक्य तितका जवळ, व्हीलच्या लगेच मागे, आणावा.

आता भाच्याविषयी. 45 हजारांत डायरेक्ट ड्राइव्हचा लहान संच बसवता आला, तरी स्टँडसाठी आणि बऱ्या ब्रेकसाठी काही उरणार नाही. त्यामुळे चांगल्या स्थितीतील वापरलेले जी29 घ्यावे, त्यानंतर लगेच स्टँड करून घ्यावा, आणि उरलेली रक्कम लोड सेल पेडलसाठी बाजूला ठेवावी, मग ती पूर्ण व्हायला काही महिने लागले तरी चालेल. फोर्स फीडबॅक नसलेले, केवळ कंप पावणारे आणि स्प्रिंगने मध्यावर येणारे व्हील स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. त्यापेक्षा घरातला कंट्रोलर अधिक चांगला. वापरलेले व्हील घेताना विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत प्रत्येक पेडल अगदी सावकाश दाबून पाहावे. आकडा मध्येच उडी मारत असेल, तर पोटेन्शिओमीटर (पेडलचे अंतर मोजणारा भाग) धुळीने किंवा वापराने खराब झालेला असतो. व्हील दोन्ही टोकांपर्यंत फिरवून सोडावे आणि मध्य प्रत्येक वेळी तोच राहतो का ते तपासावे.

भाच्याची उंची आणि खोलीत उपलब्ध असलेली जागा आपण कळवलीत, तर स्टँडची मापे मी आनंदाने पाठवीन.