बर्लीची मशेरी

शेजारच्या काकीने माझ्या पाइपच्या तंबाखूची मशेरी केली. आख्ख्या डब्याची नाही, अर्ध्या डब्याची, पण राग यायला अर्धा डबा पुरतो. परवाचीच गोष्ट आहे आणि डोक्यातनं काही जात नाहीये म्हणून इथे लिहून टाकतोय, कारण घरात विषय काढला की आई तोंडाला पदर लावून हसते आणि बायको म्हणते बरं झालं, तेवढाच कमी ओढशील.

झालं असं की शाळेतला एक मित्र अमेरिकेत, ओहायोतल्या सिनसिनाटीला असतो, तो चवथीला घरी आला आणि येताना माझ्यासाठी तंबाखूचा डबा घेऊन आला. तिकडे त्याचं पाइप ओढणाऱ्यांचं एक टोळकं आहे, सगळे मिळून एकच तंबाखू ओढतात आणि मग प्रत्येकाने आपलं मत द्यायचं. ह्याने तिकडे फुशारकी मारून ठेवलेली की माझा दोस्त मालवणात बसून पाइप ओढतो, त्याचं मत आणतो. म्हणजे आता माझ्यावर आख्ख्या कोकणाची जबाबदारी. मी नवी वही काढली.

तंबाखू बर्लीचा, म्हणजे बर्ली नावाच्या जातीच्या पानाचा, जुन्या धाटणीचा. असल्या मिश्रणांना तिकडे म्हाताऱ्यांचा तंबाखू म्हणतात, आणि पूर्वी हे डबे चक्क औषधांच्या दुकानात मिळायचे, म्हणजे खोकल्याचं कारण आणि खोकल्याचं औषध एकाच काउंटरवर. ही पांढरी बर्ली मुळात मित्राच्या शेजारचीच. १८६४ साली ओहायोतल्या ब्राउन काउंटीत जॉर्ज वेब नावाच्या शेतकऱ्याने केंटकीहून आणलेलं बी पेरलं, तर त्यातली काही रोपं फिकट, पांढुरकी उगवली. आधी त्याला वाटलं रोग पडला. पुढे तीच जात एवढी चालली की अमेरिकेतला निम्मा तमाशा तिच्यावर उभा राहिला. हा तंबाखू भट्टीत सुकवत नाहीत, झाडंच्या झाडं हवेशीर कोठारात उलटी टांगून ठेवतात, आठवडेच्या आठवडे. त्या सावकाश सुकण्यात पान आपली सगळी साखर स्वतःच खाऊन टाकतं. म्हणून बर्लीला अंगचा गोडवा जवळपास नाहीच, निकोटिन मात्र भरपूर, आणि पान असं भुकेलेलं की वरून जे पाजाल ते पितं. कोको पाजा, जेष्ठमध पाजा, साखरेचा पाक पाजा. हे लक्षात ठेवा, पुढे ह्याच्यावरच माझी शोभा झाली.

आता अडचण सांगतो. पाइपचा तंबाखू डब्यातून निघतो तेव्हा ओलसर असतो, चिमटीत दाबला तर गोळा होतो. तसाच भरला तर पाइप गुरगुरते, सारखी विझते, आणि विझते म्हणून तुम्ही जोरात ओढता आणि बर्ली जोरात ओढली की जीभ सोलून निघते. म्हणून आधी थोडा कागदावर पसरून सुकवायचा, अर्धा तास, तास, असं अमेरिकन लोक लिहितात. त्यांचं काय जातंय लिहायला. आमच्याकडे चवथीच्या दिवसात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, आगपेटीची काडी ओढली की गुलाची नुसती पेस्ट होते, बँकेचं पासबुक हातात घेतलं तर त्याला बुरशीचा वास. मी पेपरवर पसरलेला तंबाखू तासाभराने हातात घेतला तर आधीपेक्षा ओला. पंख्याखाली ठेवला तर लाइट गेली. (लाइटवर स्वतंत्र लिहायला पाहिजे, पण ते लिहायला बसलो की लाइट जाते.)

शेवटी अर्धा डबा सुपात घालून काकीच्या मांगरात गेलो. काकी म्हणजे नात्याने कोणीच नाही, गडग्यापलीकडची, पण वाडीतल्या सगळ्यांची काकी. तिच्याकडे आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, त्यामुळे मांगरात कायम कोरडी ऊब. मी सूप चुलीच्या कडेला ठेवलं आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, "काकी, हो तंबाखू सुकूक ठेवतंय. हात लावू नको हां."

"ठेव मरे. माका काय करूचो आसा तुझो तंबाखू."

हे तिचे शब्द. मी कोर्टात सांगेन.

तोवर घरी डब्यातला उरलेला चिमूटभर भरून पहिली चव घेतली. भरण्याचाही नियम असतो, पहिला थर लहान पोराच्या हाताने दाबायचा, दुसरा बाईच्या, तिसरा बाप्याच्या. मग एकदा पेटवायचं, तंबाखू फुगून वर येतो तो हलकेच खाली दाबायचा, आणि परत पेटवायचं. माझ्या अकरा काड्या गेल्या त्यातल्या तीन पेटल्या. पण मग लागला, आणि खरं सांगतो, बरा लागला. भाजक्या शेंगदाण्याचा वास, मागे बिनसाखरेच्या कोकोचा कडवटपणा, धूर कोरडा. काहीतरी गोडसर मधूनच येऊन जात होतं, त्याचा बराच विचार करून मी वहीत लिहिलं, "अंजीर. कदाचित मनुका." अक्षरही चांगलं आलं.

आणि तेवढ्यात वास आला. कोकणात ज्याचं बालपण गेलंय त्याला हा वास सांगावा लागत नाही. सकाळी कोणाच्या तरी घरात बिडाच्या तव्यावर तंबाखू भाजायला घेतला की चार घरांतली माणसं खोकत बाहेर येतात. मी खोकत बाहेर आलो. मग एकदम लक्षात आलं आणि गडगा ओलांडून पळालो.

मांगरात सूप रिकामं. तवा खाली उतरवलेला, त्यावर काळाकुट्ट चुरा, आणि काकी तो वाटीच्या बुडाने चुरडत बसलेली. तोंड वाकडं.

"काकी! ह्यां काय केलंस?"

"तव्याक चिकाटता रे मेल्या तुझो तंबाखू," काकीच माझ्यावर चिडली. "घासून घासून हात मोडले. गूळ करपल्याचो वास येता. खयसून हाडलंस हो?"

"अमेरिकेसून! ओढूचो तंबाखू तो! तुका सांगलेलंय मां हात लावू नको म्हणान?"

"सुकूक ठेवलंस मां?"

"होय."

"सुकवल्यार फुडे काय करतत?"

मी गप्प.

"भाजतत," काकी म्हणाली. "मी भाजलंय. तुझी मेहनत वाचली."

ह्या तर्कापुढे काय बोलायचं मला अजूनही सुचलेलं नाही. मी म्हटलं निदान काय केलंय ते तरी हिला कळू दे, म्हणून चुलीपुढेच पाटावर बसून तिला सगळं सांगितलं, ओहायो, पांढरी रोपं, कोठारात टांगणं. काकीच्या डोक्यात तंबाखूचं गाव एकच, निपाणी, त्यामुळे ओहायो निपाणीच्या कुठल्या बाजूला हे तिने दोनदा विचारलं. मग वातावरण हलकं करायला १९०७ साली निघालेल्या प्रिन्स अल्बर्ट ह्या बर्लीच्या डब्याचा किस्सा सांगितला. तो डबा पुढे सातवा एडवर्ड झालेल्या इंग्रज राजपुत्राच्या नावाचा, आणि तिकडची पोरं दुकानात फोन करून विचारायची, तुमच्याकडे प्रिन्स अल्बर्ट डब्यात आहे का? दुकानदार म्हणायचा, आहे. मग पोरं म्हणायची, अहो मग सोडा ना त्याला बाहेर! काकीने शांतपणे ऐकून घेतलं.

"मगे सोडल्यानी काय तेका?"

सोडून द्या.

मग काकीने ते केलं जे मी दिवसभर करत होतो. अंगठा आणि तर्जनीत चिमूट घेतली, आधी बोटांत चोळून बघितली, मग नाकाशी नेली, मग खालच्या हिरडीवर डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवली आणि डोळे मिटून बसली. चुलीतलं लाकूड तडतडत होतं. मला लाज वाटते सांगायला, पण मी निकालाची वाट बघत होतो.

केळीच्या बुडात जाऊन थुंकून आली आणि म्हणाली, "हेच्यात जेष्ठमध आसा."

"अंजीर," मी म्हटलं.

"जेष्ठमध. माझ्या घशाक कळता. आनी गोड घातलेलां आसा कायतरी. तंबाखू बरो, पण डोक्याक लागणा नाय. बरो आसतो तर तेका गोड कित्याक केल्यानी असतो? बांगडो ताजो असलो तर इतको मसालो कित्याक व्हयो?"

आता बघा. जुन्या बर्लीला जेष्ठमध पाजतात हे मला वाचून माहीत होतं. हिने ते करपवून, कोळसा करून, हिरडीला लावून ओळखलं. तरी माझं म्हणणं कायम आहे की जेष्ठमध जिभेवर जरा वेगळ्या बाजूने आला तर तो अंजीरच.

आपल्याकडे तंबाखू आला तोच मुळी असा. पोर्तुगीजांनी आणला, दख्खनेत रुळला, आणि १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाचा सरदार विजापुरातून तो घेऊन अकबराच्या दरबारात गेला. हकीम नको नको म्हणत होता तरी बादशहाने चार झुरके घेतले. असद बेगने बराच आणलेला, तो त्याने दरबाऱ्यांना थोडा थोडा वाटला आणि मग जो तो मागायला लागला. फरक एवढाच की असद बेगने आपला वाटला. काकीने माझा वाटला. संध्याकाळपर्यंत वाडीतल्या प्रत्येक घरात कागदाची एकेक पुडी पोचलेली, आणि प्रत्येक घराचं मत काकीचंच, बरो पण फिको. एका बाईने तर मला रस्त्यात थांबवून सांगितलं की पुढच्या वेळी चांगला आणा. चांगला! त्या डब्याची किंमत सांगितली असती तर तिने तो कपाटात ठेवून कुलूप लावलं असतं.

वर उपदेश वेगळाच. तिठ्यावर एक इसम भेटला, गालात गुटख्याचा तोबरा, महाराष्ट्रात गुटखा बंद होऊन २०१२ पासून किती वर्षं झाली पण ह्याचा गाल काही रिकामा दिसलेला नाही, तो थुंकी सावरत मला म्हणतो, पायप वायट हां, क्यान्सर होतो. मी म्हटलं बरोबर आहे, कारण बरोबरच आहे, आणि पुढे गेलो. काय बोलणार? मी पाइप ओढली तर साहेब झाला म्हणतात, ह्याने पिचकारी मारली तर वाडी स्वच्छतेचा बोर्ड पुसून घेते.

आणि काकीचं तरी काय. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला मागेच सांगितलंय की मशेरी सोड, हिरड्या बघ कशा झाल्यात. काकीने उलट त्यांनाच ऐकवलं, "चार दात रवले हत, तेंका कित्याक उपाशी ठेवू?" हा किस्सा वाडीत सगळे सांगतात आणि सगळे हसतात. मीही हसायचो. परवा तिचं तोंड चुलीच्या उजेडात जवळून बघितलं, हिरडीवर पांढरा पट्टा होता, नेमका बोट फिरतं तिथे. मी म्हटलं काकी, परत एकदा दाखवून ये. ती म्हणाली आधी तू तुझी नळी टाक, मगे माका शिकव. पुन्हा तर्क. पुन्हा मी गप्प.

असो. मित्राला वहीतलं मत पाठवलं, दीड पान, अंजिरासकट. त्याने अंगठा दाखवला, नुसता अंगठा. मग झाला प्रकार गंमत म्हणून फोनवर सांगितला तर पठ्ठ्या खुर्चीवरून पडायचा बाकी. फोन काकीला दे म्हणाला. काकीने स्पीकरवर, कोंबड्यांना तांदूळ टाकता टाकता, सगळं परत सांगितलं, जेष्ठमध, गूळ, बांगडा, फिको. त्याने म्हणे ते इंग्रजीत करून टोळक्यापुढे वाचलं. मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझं दीड पान वाचायला वेळ उरला नाही.

काल त्याचा मेसेज आला. पुढच्या खेपेला तो काकीसाठी केंटकीतली बिनगोडाची पानं आणणार आहे, तेवढं तिला विचारून सांग की आख्खी हवीत की चुरा. मी म्हटलं डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय तिला, आणि माझ्यासाठी काय? तर म्हणतो तुझ्यासाठी चॉकलेट आणतो. पन्नाशीच्या माणसाला चॉकलेट. मी फोन उलटा करून ठेवला, तर गडग्यापलीकडून काकीचा आवाज, कारण मेसेज आल्याचा टुंगऽ तिला माझ्या आधी ऐकू जातो.

"तेचोच मां रे? सांग तेका, आख्खी पानां हाड म्हणान. आनी देठ काढलेली."