फाशीच्या घोषणांत तिचे म्हणणे कुठे आहे?

बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराची बातमी ऑगस्ट २०२४ मध्ये सिडनीत येऊन पोहोचली, तेव्हा येथील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतही बदलापूरच्या रेल्वे रुळांवर उतरलेल्या आंदोलकांचीच मागणी फिरू लागली : फाशी द्या. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मारला गेला आणि अनेकांना न्याय झाल्याचे समाधान वाटले. पालकांची तक्रार नोंदवून घेण्यास पोलिसांनी इतके तास का लावले, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला. तो संताप मी समजू शकते. पण आपल्याकडे प्रत्येक वेळी वाद शिक्षेपाशी सुरू होऊन शिक्षेपाशीच संपतो, आणि अत्याचार सोसून पोलीस ठाणे, रुग्णालय व न्यायालय या तिन्ही पायऱ्या चढलेल्या स्त्रीला, कायदा कुठे कमी पडला, हे कोणी विचारत नाही, याचे दुःख मला इथे राहून अधिक तीव्रतेने होते. कारण मी जिथे राहते तिथला कायदा अशाच एका तरुणीच्या बोलण्यामुळे बदलला.

तिचे नाव सॅक्सन मुलिन्स. २०१३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सिडनीच्या किंग्ज क्रॉस भागातील एका नाइट क्लबमागच्या गल्लीत जे घडले त्याबद्दल तिने तक्रार केली. ज्युरीने आरोपीला दोषी ठरवले, अपिलात ती शिक्षा रद्द झाली आणि २०१७ मध्ये खटला नव्याने चालला. तिच्या मनात संमती नव्हती हे न्यायाधीशांनी मान्य केले. परंतु संमती आहे असे आरोपीने समजण्यास वाजवी कारण होते, असे म्हणून त्याला निर्दोष सोडले. या निकालात कायद्याची चूक झाल्याचे अपील न्यायालयाने म्हटले, तरी तिसरा खटला चालवण्यास नकार दिला. तिच्यापुरता न्यायालयाचा मार्ग तिथे बंद झाला. मे २०१८ मध्ये तिने नाव आणि चेहरा न लपवता दूरचित्रवाणीवर मुलाखत दिली, आणि दुसऱ्याच दिवशी सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सच्या सरकारने संमतीची व्याख्या कायदा सुधारणा आयोगाकडे फेरविचारासाठी पाठवली. पुढची काही वर्षे ती या विषयाचा पाठपुरावा करत राहिली. अखेर सरकारने आयोगाच्या शिफारशींच्याही पुढे जाऊन कायदा केला आणि १ जून २०२२ पासून तो लागू झाला. समोरची व्यक्ती राजी आहे असे मला वाटले, एवढे म्हणून आता आरोपीची सुटका होत नाही. ते जाणून घेण्यासाठी त्याने त्या वेळी काही विचारले किंवा केले होते का, हे तपासले जाते. तू ओरडली का नाहीस, पळाली का नाहीस, या प्रश्नांनी वर्षानुवर्षे तिलाच घेरले जाई. आता त्यालाही उत्तर द्यावे लागते.

त्याच २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही एका आरोपीला संशयाचा फायदा देताना, स्त्रीच्या क्षीण नकाराचा अर्थ कधी होकारही असू शकतो, असे निरीक्षण नोंदवले, आणि २०१८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती मुक्तता कायम ठेवली. संमती म्हणजे स्वेच्छेने आणि निःसंदिग्धपणे दिलेला होकार, आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येत नाही, हे आपल्या कायद्यात २०१३ पासून लिहिलेले आहे. कागदावर आपण सिडनीच्या नऊ वर्षे पुढे होतो. सिडनीत एका निकालाने विधिमंडळ हलले. दिल्लीच्या निकालावर लेख आले, चर्चासत्रे झाली आणि विषय मिटला.

ओळख जाहीर करण्याच्या बाबतीतही तेच. सज्ञान स्त्रीने लेखी परवानगी दिल्यास तिचे नाव छापता येते, ही तरतूद आपल्याकडे १९८३ पासून आहे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात मात्र ग्रेस टेम हिला, शाळकरी वयात शिक्षकाने केलेल्या अत्याचाराबद्दल स्वतःच्या नावाने बोलता यावे म्हणून २०१९ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून खास परवानगी मिळवावी लागली. तिच्यासारख्या अनेकींच्या मोहिमेनंतर २०२० मध्ये तो कायदा बदलला आणि २०२१ मध्ये ती ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ ठरली.

आपल्याकडचे १९८३ चे बदल ज्या प्रकरणातून आले ते महाराष्ट्रातलेच. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या अंगावर जखमा नव्हत्या या कारणाला महत्त्व देऊन, दोन्ही पोलिसांना सोडले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि कायदा बदलला. त्या पत्राचे ऋण मोठे आहे. तरीही कायदा घडवणाऱ्यांच्या बैठकीत मथुरेला जागा नव्हती. सामूहिक बलात्कार सोसलेल्या राजस्थानच्या भंवरी देवींनी जागा मिळण्याची वाट न पाहता स्वतःच आवाज उठवला. त्यांच्या प्रकरणातून कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि आरोपींच्या सुटकेविरुद्धचे अपील इतके रेंगाळले की काही आरोपी निकालाआधीच वारले.

ऑस्ट्रेलियात सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. मुलिन्सच्या प्रकरणात शेवटी कोणालाही शिक्षा झाली नाही. मी अधूनमधून दुभाषी म्हणून काम करते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली एक मराठी मुलगी समुपदेशकासमोर बसली होती, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ‘हे गावी आईबाबांना कळेल का?’ नवऱ्यावर बलात्काराचा खटला या राज्यात १९८१ पासून भरता येतो हे तिला ठाऊक नव्हते, आणि भारतात तो आजही भरता येत नाही, म्हणून ते तिला खरेही वाटेना.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेले, स्त्रिया व मुलांवरील अत्याचारांबाबतचे शक्ती विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अमलात आले नाही. त्यात फाशी होती; आणि मूळ मसुद्यात, दोघे सज्ञान असतील आणि वागणुकीवरून तसे वाटत असेल तर संमती गृहीत धरावी, असेही कलम होते, ज्याला महिला संघटनांनी विरोध केला. बलात्कारासाठी फाशी नको, असे निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्येच सांगितले होते. नवा मसुदा येईल तेव्हा विधिमंडळाच्या समितीने, नावे गुप्त ठेवून, बंद दाराआड का होईना, पण सर्वांत आधी अशा स्त्रियांच्या साक्षी घ्याव्यात : एफआयआर नोंदवायला किती तास बसावे लागले, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मनाई केलेली, स्त्रीला लैंगिक संबंधांची सवय आहे का हे पाहण्याच्या नावाखाली होणारी दोन बोटांची चाचणी खरोखर थांबली का, उलटतपासणीत काय विचारले गेले, आणि खटल्याचा निकाल किती वर्षांनी लागला.