आयसीयूतल्या पेशंटला कळतं, फक्त बोलता येत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. ‘आयसीयूतल्या पेशंटला काहीच कळत नसतं. तिथं मशीन आणि तरबेज हात हवेत. सिस्टरनं बोलत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. नातेवाइकांची तर नुसती लुडबुड.’ मी आयसीयूत नर्स आहे. हे वाचून गप्प बसवेना.

काहीच कळत नसतं? गुंगीचं औषध रोज काही वेळ थांबवलं तर व्हेंटिलेटर लवकर सुटतो, हे २००० सालच्या एका चाचणीत दिसलं: साधारण सातऐवजी पाच दिवसांत. तेव्हापासून शक्य तिथं गुंगी हलकीच ठेवतात. म्हणजे त्या माणसाला ऐकू येऊ शकतं, दुखतं, भीती वाटते. घशात नळी असल्यानं बोलता तेवढं येत नाही. सक्शन, म्हणजे नळीतून कफ ओढून काढणं, करताना बघा: श्वास कोंडतो, डोळ्यांत पाणी येतं, हात नळीकडे धावतो. ‘काका, कफ काढतेय. जोरात खोकला येईल, दहा सेकंदांत थांबते,’ हे ग्लोव्ह चढवता चढवता सांगून होतं. न सांगता केलं, तर त्याच्या वाट्याला निव्वळ गुदमरणं येतं.

आणि वाया जाणारा वेळ म्हणाल, तर तो पेशंटच्या भ्रमापायी जातो, म्हणजे आपण कुठे आहोत, काय चाललंय याचं त्याचं भान सुटतं तेव्हा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये भ्रमाचं प्रमाण काही अभ्यासांत ८० टक्क्यांपर्यंत आढळलंय. भ्रमातला माणूस नळ्या उपसतो, मग हात बांधायची वेळ येते, त्यानं तो आणखी बिथरतो. हे टाळायला चष्मा लावणं, आज कोणता वार ते सांगणं, रात्री दिवे मंद करून झोपू देणं, ही कामं नर्सचीच. दर वेळी यश येतं असं नाही, तरी ती सोडता येत नाहीत.

तरबेज हात हवेतच, त्यात वाद नाही. औषधाचा डोस चुकला तर मायेनं भरून निघत नाही. पण न बोलणाऱ्याचं दुखणं आम्ही कपाळावरच्या आठ्या, ताठरलेले हात, मशीनशी चाललेली झटापट यांवरून जोखतो आणि ते किती आहे त्याचे गुण मांडतो. चेहऱ्याकडे न बघता हे कसं करायचं?

राहिले नातेवाईक. गर्दी नको, हे मान्य. पण एका आजोबांशी आम्ही दोन दिवस उजव्या बाजूनं बोलत होतो, प्रतिसाद शून्य. मुलगी आली आणि म्हणाली, ‘बाबांना डाव्याच कानानं ऐकू येतं.’ बाजू बदलली. नाव घेतल्यावर त्यांनी डोळे उघडले.